शेजारचा दिवा आणि लुबर्टचा गांजा

सूर्याला बटण नसतं, याचा लुबर्ट हाउझिंगाला त्या वर्षी मनापासून राग आला.

राग येण्यासारखंच होतं. अकरा वर्षं त्यानं घराच्या माळ्यावर गांजा पिकवला होता. बटाट्याच्या स्टार्चच्या कारखान्यातला वीजतंत्री तो. माळ्यावर त्याचं राज्य होतं. दिव्यांना टायमर, पंख्याला टायमर, पाण्यालाही टायमर. अठरा तास उजेड दिला की झाडं नुसती वाढत बसायची. बारा तास उजेड आणि बारा तास काळोख केला की मुकाट्यानं तुरे धरायची. काळोख म्हणजे अगदी मिट्ट. छपराच्या खिडकीला काळा कागद, दाराच्या फटींना चिकटपट्टी, पंख्याच्या इवल्याशा लाल दिव्यावरही ठिगळ. रात्री कुठून थोडा उजेड शिरला तरी या झाडाला वाटतं उन्हाळा अजून सरला नाही, आणि ते फुलायचं नाव घेत नाही.

हा सगळा खटाटोप फेनासाठी, म्हणजे त्याच्या बायकोसाठी. तिला मज्जातंतूंचं दुखणं होतं. रात्री पायांत असे गोळे यायचे की ती उशी चावून पडायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दुसरा दिवस झोपेत जायचा, आणि दुकानातला गांजा नुसता डोक्यात चढायचा, पाय आपले तसेच. लुबर्टच्या एका झाडाचे तुरे तेलात उतरवले आणि त्याचे चार थेंब दिले, ते मात्र लागू पडले. त्याच झाडाची कलमं करून करून त्यानं ते अकरा वर्षं टिकवलं होतं.

मग त्यांच्या भाड्याच्या घराच्या मालक संस्थेचा एक माणूस छप्पर बघायला आला आणि माळ्यावर चढला. खाली आल्यावर त्यानं सभ्यपणे सांगितलं, "दिवे जातील, नाहीतर तुम्ही जाल." तिथल्या कायद्यानं दिवे लावले की तो धंदा ठरतो, अंगणात पाचपर्यंत झाडं उन्हात वाढली तर कोणी विचारत नाही. लुबर्टनं दिवे काढले आणि पाच कलमं खिडकीत ठेवली. मे महिना लागताच तो ती अंगणात लावायला निघाला.

"बर्फाचे संत जाऊ देत आधी," फेना म्हणाली. मेच्या मध्यावर ज्यांचे सण असतात ते हे संत शेवटची थंडी घेऊन येतात, आणि त्यांच्याआधी ओस्टरहाम गावात कोणी घेवडासुद्धा पेरत नाही.

"संतांचा माझ्या झाडांशी काय संबंध?"

"तुझ्या आईनं तुला काहीच शिकवलं नाही का रे?"

"आईनं शिकवलं ते घेवड्याचं. मी ह्यांना अकरा वर्षं ओळखतो!"

बारा मेच्या पहाटे हिम पडलं आणि दोन झाडं काळी पडली. फेना नुसती चहा ढवळत राहिली, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास झाला.

उरली तीन. मग वारा आला. माळ्यावर पंख्याची झुळूक खाऊन वाढलेल्या वंशाला समुद्राकडून येणारा वारा कसा सोसावा? लुबर्टनं काठ्या रोवल्या. मग गोगलगायी आल्या. त्यानं बशांमध्ये बिअर ठेवली; गोगलगायी बिअर पिऊन पानं खायला लागल्या, असं निदान त्याचं म्हणणं होतं. पाऊस नको तेव्हा पडला, हवा तेव्हा पडला नाही. "ह्याला शेती म्हणतात?" तो ओरडायचा. "ह्याला नशिबाचा खेळ म्हणतात!"

जुलैत थेंबांची बाटली संपली. फेनाचा पलंग तळमजल्यावर मागच्या खोलीत होता, कारण तिला जिना चढवत नसे. लुबर्ट वर झोपायचा. तो घोरायचा, पहाटे साडेचारला उठायचा, आणि नऊ वाजता एकदा आडवा झाला की छप्पर पडलं तरी जागा होत नसे. सकाळी "कशी गेली रात्र?" असं तो विचारी. "गेली," ती म्हणे.

ऑगस्टच्या अखेरीस कोपऱ्यात, शेडच्या मागे असलेल्या झाडानं पांढऱ्या केसांचे सुंदर तुरे धरले. कुंपणाजवळची दोन्ही नुसतीच पानं काढत होती. एकाच झाडाची कलमं, एकच माती, एकच पाणी! लुबर्ट आठवडाभर डोकं धरून बसला. मग एका पहाटे सायकल काढायला तो अंगणात गेला आणि त्याला उत्तर दिसलं. जूनमध्ये या वेळेला उजाडलेलं असतं, आता काळोख होता. आणि त्या काळोखात शेजारच्या बॉशरबाईंच्या स्वयंपाकघरातला दिवा ढणढणा जळत होता. त्या मोठ्या खिडकीचा उजेड सरळ कुंपणावरून त्या दोन झाडांवर.

"म्हातारी दिवा घालवायला विसरते!" काही दिवसांनी संध्याकाळी बटाटे कुस्करताना तो म्हणाला. "मी पाच दिवस बघतोय. रोज!"

"विसरत नसतील."

"मग काय भुतांना जेवायला वाढतात? अगं, एका झाडाचे तुरे डिसेंबरपर्यंतसुद्धा पुरणार नाहीत तुला. ती दोन फुलली नाहीत तर अख्खा हिवाळा तू काय करणार?"

फेना ताटाकडे बघत राहिली. "जाऊ दे, लुबर्ट. त्यांचं घर आहे. तू त्यांना एक अक्षर बोलायचं नाहीस."

बोलणं सोपं नव्हतंच. पडदे ओढा असं या गावात कोणी कोणाला सांगत नाही. मोठ्या काचा, स्वच्छ पुसलेल्या, आणि आत काय चाललंय ते सगळ्यांना दिसू दे. पडदा ओढला म्हणजे काहीतरी लपवायचं आहे, असं सरळ मानलं जातं. पण सप्टेंबरच्या सहा तारखेला बॉशरबाईंना एकोणऐंशी वर्षं पूर्ण झाली. लुबर्ट फेनाची चाकांची खुर्ची ढकलत तिकडे गेला. तिथल्या रिवाजाप्रमाणे गोलात मांडलेल्या खुर्च्यांवर बसलेल्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन त्यानं बाईंच्या वाढदिवसाबद्दल त्या त्या माणसाचं अभिनंदन केलं. मग कॉफी आणि केकचा एकच तुकडा घेऊन तो बसला, आणि तिसऱ्या घोटाला त्याला राहवलं नाही.

"बाई, एक विनंती होती. रात्री तेवढे पडदे ओढाल का?"

बाईंचा भाऊ रूल्फ, आयुष्यभर बोटीवर नाखवा होता, त्यानं कप खाली ठेवला.

"ऐकलंत? ज्याच्या माळ्याच्या खिडकीला अकरा वर्षं काळा कागद होता, तो आमच्या ताईला पडदे ओढायला सांगतोय!"

सगळे हसले. लुबर्टचे कान लाल झाले.

"हसा! माझी दोन झाडं त्या दिव्यापायी फुलत नाहीत. ती मजेसाठी नाहीत, हिच्या पायांसाठी आहेत. रात्रभर कशाला हवाय तो दिवा? बाई, तुम्हाला झोप येत नाही का?"

"मला छान झोप येते," बॉशरबाई म्हणाल्या. "दुपारी भरून काढते." त्यांनी फेनाकडे बघितलं. "सांगू का गं ह्याला?"

"नको," फेना म्हणाली. मग म्हणाली, "आता काय, सांगा."

"जुलैत एकदा पाणी प्यायला उठले, तर चांदण्यात ही पलंगावर बसलेली, पाय दोन्ही हातांनी धरून. मी दिवा लावला आणि हात हलवला. हिनंही हलवला. तेव्हापासून मी बसते टेबलाशी. शब्दकोडं सोडवते. ती मला बघते, मी तिला बघते. पडदा ओढला तर कसं दिसणार?"

लुबर्टनं बायकोकडे बघितलं. त्याच्या हातातला केक तसाच राहिला.

"मला का नाही उठवलंस?"

"तू उठला असतास तर काहीतरी दुरुस्त करायला बसला असतास," फेना म्हणाली. "मला दुरुस्ती नको होती, लुबर्ट. कोणीतरी जागं हवं होतं."

त्याला फार लाज वाटली, आणि लाज वाटली की तो चिडायचा. तो उठला. "दिवा राहू दे," तो जवळजवळ ओरडलाच. "झाडांचं मी बघतो!"

त्याच संध्याकाळी त्यानं काठ्यांचे दोन सांगाडे ठोकले आणि माळ्यावरचा काळा कागद त्यांवर गुंडाळला. रोज संध्याकाळी सात वाजता तो झाडं झाकायचा. सकाळी तो कारखान्यात असायचा, म्हणून सातला सांगाडे बॉशरबाई उचलायच्या, आणि हाताला येणाऱ्या वासाबद्दल कुंपणावरून फेनाला चार शब्द ऐकवायच्या. दोन आठवड्यांत पांढरे केस दिसले. बाकीचं सगळं त्याला शिव्या देत देत पार पडलं: बुरशी, पाऊस, एकदा वाऱ्यानं उडून रस्त्यावर गेलेला सांगाडा. ऑक्टोबरच्या शेवटी तिन्ही झाडं कापून रिकाम्या माळ्यावर टांगली होती. नोव्हेंबरात एका रात्री चार थेंब घेऊन फेना सकाळी आठपर्यंत झोपली.

दुसऱ्या दिवशी लुबर्ट काठ्या उपटत होता तेव्हा बॉशरबाई कुंपणाशी आल्या.

"काल कोणी उठलंच नाही तिकडे."

"झोपली होती! सलग!"

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "मी दोन वाजेपर्यंत बसले. मग घालवला दिवा."

त्या तिथंच उभ्या राहिल्या. लुबर्टला बायकांच्या असल्या गप्प उभं राहण्याचा संताप येई, कारण त्यात काय आहे ते आपणच ओळखायचं असतं.

"दुपारी या ना," तो म्हणाला. "दुपारी फेना जागीच असते."

"दुपारी कोणी ना कोणी येतंच रे माझ्याकडे. रात्रीच कोणी नसतं."

लुबर्टनं हातातली काठी चिखलात टाकली. त्यानं रिकाम्या मातीकडे बघितलं आणि मग बाईंच्या खिडकीकडे.

"झाडं काढून झालीत, बाई. पहाटे साडेचारला मी सायकल काढतो. लावा दिवा."

तेव्हापासून तो पहाटे कुंपणाशी थांबून हात हलवतो. बाई खिडकी उघडतात आणि अडलेला शब्द विचारतात. त्याला एकही येत नाही, आणि रोज कामावर उशीर होतो.