मेश्राम काका आणि काकूंचं साजूक तूप

मेश्राम काका कुठेही बसण्याआधी टेबल हलवून बघत. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा आईने वाढायला घेतलेल्या भाताकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी टेबलाचा कोपरा दाबला, खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, घडी करून टेबलाच्या पायाखाली सारला आणि मग म्हणाले, "हं, आता वाढा." काका मूळचे नागपूरचे. परदेशातल्या यिशुन वस्तीत आमच्या खालच्या मजल्यावर राहत आणि रोज कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला जात. तिथल्या कारखान्यात अवजड पंप पायावर घट्ट बसवणं हे त्यांचं काम. "बैठक पक्की पाहिजे," हे त्यांचं मत पंपांना, लग्नांना आणि सरकारांना सारखंच लागू होतं.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि शक्यतो कुणाशी बोलत नव्हते. इंग्रजी शाळेमुळे मराठीत अडखळायचे आणि स्वभावामुळे इंग्रजीत. रायफल शूटिंग निवडलं तेही कान बंद करून, सगळ्यांकडे पाठ करून, एकटीनं पालथं पडून राहता येतं म्हणून. काकाही त्याच क्लबात यायचे. संघाची निवड जवळ आली होती आणि माझ्या गोळ्या कागदभर विखरत होत्या. "रायफल लूज आहे," असं मी कोचना सांगून टाकलं. माझं त्या महिन्यातलं ते सर्वांत लांब भाषण.

काकांनी ते ऐकलं आणि, माझं दुर्दैव, त्यावर विश्वास ठेवला. रायफलचा स्क्रू सैल-घट्ट करत त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं. "बरोबर बोलली पोरगी. लोखंड लाकडात बसलंच नाही. दर गोळीला जागा सोडून राहिलं." मी चकित झाले. मी तर थाप मारली होती! "हे एकदा बसवू," काका खुशीत म्हणाले, "मग चूक कोणाची होऊन राहिली ते समजते."

रायफल क्लबाबाहेर नेता येत नाही. काकांनी परवानगी काढून नुसता लाकडी दस्ता घरी आणला आणि त्यात बसणाऱ्या लोखंडी भागाची हुबेहूब नक्कल लेथवर करून घेतली. बेत सोपा होता. दस्त्याच्या खाचेत वाळून दगडासारखं होणारं चिकट इपॉक्सी भरायचं, त्यात नक्कल दाबून ठेवायची आणि इपॉक्सी वाळलं की ती उचलायची. खाच नेमकी त्या मापाची होते. लोखंड चिकटू नये म्हणून आधी त्याला मेण लावायचं. रविवारी कामाला बसलो आणि मेण घरात नव्हतं.

"तूप आण," काका काकूंना म्हणाले.

"अहो, साजूक आहे ते! नागपूरहून आणलंय."

"मग काय, बंदुकीला डालडा देऊ?"

एसीत थिजलेलं तूप लोखंडावर छान बसलं. पण इपॉक्सी घट्ट होताना तापतं. कारखान्यात दुसऱ्यांना हेच बजावण्याचा काकांना पगार मिळत होता. सकाळी तूप वितळून लाकडात मुरलं होतं आणि लोखंड हलायला तयार नव्हतं.

"बैठक मात्र पक्की झाली हो," काकू म्हणाल्या.

गारठवलं तर सुटेल, असं काकांचं म्हणणं. दस्ता फ्रीजरमध्ये मावेना, म्हणून तो चादरीत गुंडाळून आम्ही बाजारातल्या मासेवाल्याकडे निघालो. लिफ्टमध्ये सगळे त्या गाठोड्याकडे बघत होते आणि मी काकांना ओळखत नसल्यासारखी छताकडे.

"वाऽ, गन आह?" मासेवाल्याने विचारलं. काकांनी मुद्दाम माझ्याकडे बोट केलं.

"नो अंकल, ओन्ली वुड लाह," मलाच बोलावं लागलं. "कॅन पुट इन युअर फ्रीझर?"

"कॅन, कॅन. बट स्मेल लाइक फिश, हाँ."

संध्याकाळी काकांनी रबरी हातोडीने दोन ठोके दिले आणि नक्कल टक्‌कन सुटली. सोबत इपॉक्सीचे टवकेही निघाले, म्हणून दुसऱ्या रविवारी पुन्हा इपॉक्सी भरताना त्यांनी तिला बुटाचं पॉलिश लावलं. ते मेणाचंच असतं आणि चपलांच्या कपाटात पहिल्यापासून होतं. या वेळी सगळं नीट जमलं.

क्लबात रायफल जोडून काकांनी पाच गोळ्या मारल्या. पाचही मध्यावर, एका नाण्याखाली झाकता येतील अशा. मग मी मारल्या. पहिली डावीकडे, दुसरी वर, तिसरी कुठे गेली ते कागदालाही कळलं नाही.

निवडीच्या दिवशीही तेच. कोचनी माझा कागद उजेडात धरला. भला माणूस. त्यांनी मला सुटायची वाट करून दिली, "रायफल स्टिल लूज?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मागच्या खुर्चीवर काका बसले होते. दोन रविवार आणि एक डबा तूप घालवून बसलेले.

"नो सर. रायफल इज परफेक्ट," मी म्हणाले. पुढचं घाईत मराठीतच निघालं. "मीच हलते."

कोच चिनी होते. त्यांनी काकांकडे पाहिलं.

काका उठले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "शी इज सेइंग, शी विल कम एव्हरी सॅटर्डे."

काका नागपूरला परत जाईपर्यंत मला दर शनिवारी क्लबात सरावाला जावं लागलं.