दीड जीबी आणि आबांचं पॅकेज

हे लिहायचा मला कितपत अधिकार आहे, माहीत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी गेलो तो कॉम्प्युटर शिकायला, लिहायला नाही. परीक्षेत पुरवणी मागायची वेळही माझ्यावर कधी आली नाही. तेव्हा चुकेल ते पोटात घाला. पण इंटरनेट, त्यावरची चोरी आणि या क्षेत्रातले पगार यांवर मोठी माणसं पेपरात लिहितात, ते वाचलं की वाटतं, यांतलं कुणी आमच्या खोलीवर आलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून भीत भीत लिहितोय.

खोली सांगलीत, हळदीच्या गोदामामागे होती. आम्ही चौघं राहायचो. वह्यांनासुद्धा हळदीचा वास यायचा. वाय-फाय परवडत नव्हतं. प्रत्येकाच्या मोबाइलला रोजचा दीड जीबी. मी जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी गावातला, टँकरच्या पाण्यावर वाढलेला, त्यामुळे पुरवून वापरायची सवय होती. तरी हे गणित मला कधी पटलं नाही. पाणी उरलं तर पिंपात राहतं, उद्या कामाला येतं. डेटा उरला तर दिवस बदलताच नाहीसा होतो. पैसे भरून घेतलेली वस्तू अशी परत कशी जाते? कंपन्यांची काही अडचण असेलही. मला एवढंच दिसायचं, की व्हिडिओत सर "आता महत्त्वाचा मुद्दा" म्हणाले की नेमकं गोल चक्र फिरायला लागायचं.

मग आम्ही रानातल्या पाण्यासारखी पाळी लावली. ज्याचा डेटा उरेल त्यानं संध्याकाळी हॉटस्पॉट चालू करून बाकीच्यांना द्यायचा. खोलीतला फलटणचा मित्र उसाच्या घरातला. त्याची पाळी आली की तो ओरडायचा, "पाणी सोडलंय रं, दारं धरा!"

आता चोरीचं सांगतो. प्रोग्रॅमिंगचा एक चांगला कोर्स होता. तो विकत घ्यायची माझी ऐपत नव्हती, आणि घेतला असता तरी दीड जीबीत बघून झाला नसता. स्टँडजवळच्या एका मोबाइलच्या दुकानात तो सगळा पेनड्राइव्हवर भरून मिळाला. व्हिडिओ सुरू झाला की शिकवणाऱ्याच्या कपाळावरून एक मोबाइल नंबर सावकाश सरकत जायचा. ज्यानं तो खरा विकत घेतला होता, त्याचा. मी सहा महिने शिकलो, तेवढे दिवस तो नंबर माझ्या डोळ्यांपुढून जात होता. अजून पाठ आहे.

"याला चोरी म्हणत न्हाईत, गरज म्हणत्यात," फलटणचा म्हणायचा. मलाही तसं म्हणायला आवडलं असतं. पण माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरतीवर असतात. दुसऱ्याच्या रानात कळप बसवायचा तर आधी रानमालकाला विचारतात. न विचारता शिरलेल्या मेंढरांना लोक काय म्हणतात, हे मी लहानपणापासून ऐकलंय. आणि तरीही तो कोर्स नसता तर मला काहीच आलं नसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

शेवटच्या वर्षी पुण्याच्या एका लहान कंपनीनं मुलाखतीला बोलावलं, मोबाइलवरच, व्हिडिओ कॉलवर. ही नोकरी मिळाली नाही तर मी आबांबरोबर मेंढरांमागे जाणार, आणि धाकटी बहीण बारावीवर थांबणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. मी आबांना फोन केला. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे, नेट नाही.

"आबा, मुलाखत हाय. लागलो तर पॅकेज मिळंल."

"पॅकेज?" पलीकडं मेंढरं ओरडत होती. "दुष्काळाचं का पुराचं?"

"तसलं न्हवं. पगाराला पॅकेज म्हणत्यात."

"मग पगारच म्हण की रं. पॅकेज नुसतं जाहीर हुतं. आजवर कवा आलंय?"

त्यांचंही खरंच आहे. आमच्याकडे हा शब्द टीव्हीवर ऐकू येतो आणि तिथंच विरतो. पगाराच्या पॅकेजचंही मला थोडं तसंच वाटतं. एका मुलाला कोटीचं मिळालं की त्याचा फोटो छापून येतो. बाकीच्या शंभर जणांना काय मिळालं, ते कुणी छापत नाही, आणि आमच्यासारख्यांच्या घरी मात्र तो एक आकडा येऊन बसतो.

मुलाखतीच्या दिवशी खोलीतल्या तिघांनी सकाळपासून नेट वापरलं नाही. तिघांचे फोन खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं ठेवले होते. एकाचं संपलं तर दुसऱ्याचं. फलटणचा दाराबाहेर राखणीला बसला.

पहिली वीस मिनिटं बरी गेली. मग समोरच्या साहेबांनी विचारलं, "हा कोर्स केलाय असं लिहिलंय. सर्टिफिकेट दिसत नाही?"

हरवलं म्हणता आलं असतं. ओठावर आलंही होतं. पण मला तो सरकणारा नंबर दिसला.

"सर, तो मी विकत घेतला नव्हता. पेनड्राइव्हवर कॉपी मिळाली. शिकलो मात्र सगळा."

पलीकडे शांतता. इतका वेळ, की मला वाटलं डेटा संपला. "हॅलो सर, आवाज येतोय का?"

"येतोय," ते म्हणाले. "शिकलास ना, मग हे लिहून दाखव." त्यांनी एक प्रोग्रॅम सांगितला. तो मी तिथंच मोबाइलवर लिहिला. चाललाही. "कळवू," म्हणाले, आणि फोन बंद झाला.

फलटणच्यानं बाहेरून सगळं ऐकलं होतं. "सोनाराच्या दुकानात जाऊन चोरी सांगून आलं बेणं! गड्या, सॉफ्टवेअर इकूनच प्वाट भरत्यात ती माणसं."

"पहिल्या पगारातनं कोर्स विकत घेणार हाय मी."

"सगळा शिकून झाल्यावर?" तो हसला. मग मान हलवत म्हणाला, "घे बाबा. पर पगार तर येऊ दे."

दहा दिवस मेल बघितला. दिवसातून किती वेळा ते सांगायला लाज वाटते. अकराव्या दिवशी रिचार्ज संपला, आणि मी तो मारला नाही. सुट्टी लागली होती. तासगावला बेदाण्याच्या शेडवर आई हंगामाच्या कामाला होती, तिथं गेलो. बायका ओळीनं बसून बेदाणा निवडत होत्या. मीही आईशेजारी बसलो आणि काड्या, काळे मणी बाजूला करू लागलो.

"आवं, तुमचा इंजिनियर लय सावकाश हाय," एक मावशी आईला म्हणाली.

"कॉम्प्युटरवर भरभर करतूय," आई म्हणाली. "हितं काय बटण न्हाई."

सगळ्या हसल्या. मलाही पुष्कळ दिवसांनी हसू आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन वाजला. तिनं ऐकलं आणि माझ्याकडे दिला. आबा फलटणकडून, तुटलेल्या उसाच्या रानातून बोलत होते.

"तुझा फोन का लागंना रं? एका बाईचा मला फोन आलता. पुण्यासनं. अर्जात माझा नंबर दिलतास व्हय?"

दुसरा नंबर म्हणून दिला होता, हे मी विसरूनच गेलो होतो. "काय म्हणाल्या?"

"निम्मं हिंदीत बोलत हुती. तुला घेतलंय म्हणली. मेल का काय त्ये केलंय, त्याला जबाब न्हाई म्हणून मला फोन. वर्साला तीन लाखाचं पॅकेज हाय, मान्य हाय का म्हणून इचारत हुती."

मावशीनं कधी काम थांबवलं ते मला कळलं नाही. आईचा हात बेदाण्यात तसाच होता.

"मग तुमी काय म्हणला, आबा?"

"काय म्हणणार? मान्य हाय म्हणलं. एवढ्या सालात पयल्यांदा पॅकेज आपणहून दारात आलंय, नगं कोण म्हणंल? पोरीला सांग, कालेजचा अर्ज आणून ठेव म्हणावं."