चष्म्यातलं ऑपरेशन

एका हुशार डॉक्टर मुलीची संधी मी खोटं बोलून घालवली, हे आधीच सांगतो. नव्या फोमचा वास आला की बीडच्या सर्जनांच्या प्रशिक्षण शिबिरातली ती दुपार आठवते. डोळ्यांवर फोमची कड असलेला, कॉम्प्युटरला जोडलेला जाड चष्मा चढवून, त्यात दिसणाऱ्या खोट्या पोटातलं पित्ताशय काढायचं होतं. वीस वर्षं खरी पोटं उघडलेला मी सवयीने बोटांना काही लागतंय का ते चाचपत राहिलो. लागत काहीच नव्हतं. मी जोर वाढवला, चष्म्यात सगळीकडे रक्त पसरलं आणि यंत्राने मला नापास केलं. मग पाटोद्याकडच्या मेंढपाळाची लेक, माझीच ज्युनिअर, पुढे आली आणि तिने थेंबही न सांडता काम संपवलं. शेजारचा भूलतज्ज्ञ मित्र हसला, "काय बे, पोरगी लई भारी हाय! तू आता घरी बस." मीही हसलो, पण आतून जळत होतो. संध्याकाळी आमच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "दुर्बिणीच्या ऑपरेशनचं पुढचं शिक्षण घ्यायला हिला पाठवू का?" मी म्हणालो, "नको साहेब, खऱ्या पेशंटवर तिचा हात थरथरतो." जागा दुसऱ्याला गेली. सोमवारी ती मलाच म्हणाली, "सर, मीच कमी पडले असेन. अजून सराव करते." "कर," म्हणत मी वॉर्डाकडे वळलो. पुढे ती स्वतःच्या हिमतीवर शिकली, पण तिला त्यासाठी चार वर्षं जास्त लागली. गेल्या महिन्यात मी गेवराईला तिच्या दवाखान्यात गेलो आणि उभ्यानेच म्हणालो, "डॉक्टर, तुमचं नाव मी कापलं होतं. मी तुमच्यावर जळलो. मला माफ करा."