सोयाबीनच्या ढिगातली वाट

“थांबा! हलू नका!” हे सरांचं पालुपद. हे म्हणणारा माणूस स्वतः मात्र कधी एका जागी थांबला असेल तर शपथ!

वसमतच्या एका कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे. कॉलेज सुटलं की तडक आमच्या सोयाबीनच्या गोदामात. हातात दाण्यांनी भरलेला पत्र्याचा डबा. एका बाजूनं टिचकी मारायची, दुसऱ्या बाजूला कान लावायचा. तेवढ्यात एखाद्या हमालानं धपकन पोतं टाकलं की ओरडायचे, “अहो, दाणा सरकला! आता आवाज वेगळा येणार!”

मी एकदा विचारलं, “सर, एवढं काय ऐकून राहिले तुमी?”

“वाट!” डब्याभोवती फेऱ्या घालत ते म्हणाले. “जे दाणे एकमेकांना दाबून बसलेत ना, आवाज मुख्यतः त्यांच्यातून जातो. ढिगाचं वजनही त्यांच्याच अंगावर. एक दाणा हलला की वाट बदलली.”

तुम्ही त्यांना पाहायला हवं होतं. चहासुद्धा चालत चालत प्यायचे. बघूनच मला दम लागायचा.

मागच्या हंगामात आमचा भगवान हमाल सुट्या सोयाबीनच्या ढिगात छातीपर्यंत रुतला. त्याला श्वास घेता येईना. चौघे जण फावडी घेऊन ढिगावर चढायला धावले.

“थांबा! हलू नका!” सर गरजले. “पाय तुम्ही इथं टाकाल, दाब त्याच्या छातीवर जाईल!”

त्यांनी फळ्या टाकायला लावल्या. भगवानभोवती पत्रे खोचून आतले दाणे डब्यानं उपसायला लावले. स्वतः फळीवर पालथे पडून त्याचा हात धरला. “मी आहे. हलू नकोस.” तो निघेपर्यंत सर तसूभर हलले नाहीत.

या उन्हाळ्यात सर आजारी पडले. भगवान आणि मी दवाखान्यात गेलो. डोळे मिटलेले, पण बोटं खाटेच्या दांडीवर टकटक टकटक करत होती. भगवाननं तो हात हातात घेतला. “सर, मी हाव न. हलू नका आता.”

बोटं थांबली. संध्याकाळी सर गेले.

भगवानचं काही चुकलं नाही, हे मला कळतं. तरी राग जात नाही. थांबायला काहून सांगितलं बाबा त्यांना?

डबा आता माझ्या टेबलावर आहे. जाता-येता टिचकी मारतो, कान लावतो. कुणी शेजारी धपकन पोतं टाकलं तरी ओरडत नाही. हलू देत दाणे.