ताटलीत उगवलेला हात

जंतूंच्या प्रयोगशाळेत ताईंचं काम तसं स्वयंपाकघरातलंच. जंतूंना लागणारी जेली शिजवायची, ताटल्यांत ओतायची आणि काम झालं की त्याच ताटल्या वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये घालून आतलं सगळं मारायचं. "पोसायचं आणि मारायचं, दोन्ही मीच," असं त्या जेवताना हसत हसत सांगत, आणि ऐकणाऱ्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

वर्षातून एकदा प्रयोगशाळा सगळ्यांसाठी उघडी असे. लोकांना जंतूंची भीती फार आणि माहिती थोडी, म्हणून तिथल्या प्रमुख मॅडमनी एक युक्ती काढली होती. निरुपद्रवी रंगीत जंतूंच्या पाण्यात काडी बुडवून जेलीवर चित्र काढायचं. काढताना काहीच दिसत नाही. उबदार पेटीत ठेवलं की उगवतं. ताईंचे मासे आणि पोपट बघायला झुंबड उडे. ज्यांना चित्र जमत नाही त्यांनी मोठ्या ताटलीवर नुसता पंजा टेकवायचा. आठवड्यानं या, तुमच्या हातावर कोण कोण राहतं ते बघा.

त्या वर्षी ताईंचे मिस्टरही आले. सुतार माणूस, करंगळीचं टोक करवतीनं केव्हाच नेलेलं. "माझ्याकडे भाडेकरू कमीच निघतील, जागाच कमी," म्हणत त्यांनी उजवा पंजा टेकवला. आठवडा भरायच्या आत ते झोपेतच गेले.

ताई कामावर परतल्या तेव्हा पेटीत मिस्टरांचा हात उगवून आला होता. पिवळट, दाणेदार, करंगळी तोकडी. नियमाप्रमाणे तो कुकरमध्ये जायला हवा होता. ताईंच्यानं ते होईना. माणूस गेला, पण त्याच्या अंगावरचं एवढं तरी जिवंत होतं.

जेली जुनी झाली की जंतूही मरतात. मग ताईंनी कामातलीच रीत वापरली. वाफवून घेतलेली मखमल त्या हातावर पसरून दाबायची, आणि तीच उचलून नव्या ताटलीवर दाबायची. ठसा जसाच्या तसा उतरतो. हातमोजे घालूनच दाबायचं असतं. ताई मात्र हातमोजे काढून, त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवून दाबत. मध्ये रबर आलं की त्यांना परक्याला हात लावल्यासारखं वाटे. दाबता दाबता त्या हळू आवाजात घरचं काहीबाही सांगत.

प्रत काढत गेलं की ठसा पुसट व्हायला हवा. हा दर खेपेला आणखी ठसठशीत होत होता. पेटीचं दार उघडलं की माणसाच्या अंगाएवढी ऊब आणि कुबट वास तोंडावर येई, आणि आत तो हात वाट बघत असल्यासारखा. ताईंना भीती वाटायची, आणि बरंही वाटायचं. मग एका सकाळी त्यांनी ताटली उजेडात धरली. करंगळीला टोक आलं होतं.

दुपारच्या सुट्टीत त्यांनी लेकीला बोलावून घेतलं. "बघ गं. बाबांचं बोट वाढलंय."

लेक बराच वेळ वाकून बघत राहिली. मग तिनं आईचा उजवा हात धरून ताटलीच्या झाकणावर ठेवला. बोटावर बोट तंतोतंत बसलं.

"आई, उघड्या हातानं दाबत होतीस?"

ताईंना पुढचं सांगावं लागलं नाही. जन्म त्यातच गेला होता. ओल्या मखमलीतून ताईंच्याच हातावरचे जंतू खाली झिरपत होते. मिस्टरांचा हात कधी संपला आणि आपला कधी सुरू झाला, कुठल्या खेपेपर्यंत आपण खरंच त्यांच्याशी बोलत होतो, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. ताईंना रडू फुटलं. डोळे पुसून त्या ताटली घेऊन कुकरकडे निघाल्या.

लेकीनं मनगट धरलं. "टाकू नकोस."

"अगं, बाबा नाहीयेत त्यात."

"माहितेय. तू आहेस." तिनं ताटली हळूच काढून घेतली. "ते मखमलीचं मला शिकवून ठेव. मी हातमोजे घालीन."

ताईंनी आपला उजवा हात पदराखाली ओढून घेतला. चांगल्या धडधाकट त्या तिथं उभ्या होत्या, आणि लेक त्यांना आतापासूनच जपून ठेवायला निघाली होती.