बेलपाशी थांबलेली फिल्म

दर रविवारी बुद्धवंदना झाली की एक माणूस मोरिवलीच्या आमच्या विहारात टीव्हीला सीडी प्लेअर जोडायचा. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, हातात रुमालात गुंडाळलेला रिमोट. माणसानं कसं वागावं यावरच्या दहा-दहा मिनिटांच्या परदेशी फिल्म्स तो दाखवायचा आणि शेवटाआधी हमखास थांबवायचा. आम्ही बायका चिडायचो. तो म्हणायचा, "ताई, शेवट दाखवला की लोक उठून घरी जातात."

मग तुम्ही काय केलं असतं, असं एकेकाला विचारायचा. दुसऱ्या देशांतल्या लोकांची उत्तरं वहीतून वाचून दाखवायचा, आमची लिहून घ्यायचा आणि सायबर कॅफेतून तिकडे पाठवायचा.

एकदा भांडलेल्या दोन बहिणींची फिल्म होती. धाकटी थोरलीच्या दाराशी आली, बेलकडे हात नेला, आणि यानं रिमोट दाबला. मलाच विचारलं.

"वाजवली असती," मी म्हटलं.

त्यानं सावकाश लिहून घेतलं. माझी थोरली बहीण बदलापूरला राहायची आणि दोन वर्षं मी तिच्या दारात गेले नव्हते. माझं खोटं मात्र देशोदेशी गेलं.

ते काही केल्या मनातून जाईना. शेवटी एका सुट्टीला मी बदलापूरला जाऊन बेल वाजवली. ताईनं दार उघडलं, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "चप्पल आत काढ, बाहेर कुत्रं नेतं."

त्याच सुमारास त्याचं येणं बंद झालं. सगळे त्याला सर म्हणायचे, नाव कुणीच विचारलं नव्हतं. अजूनही रविवारी वंदनेनंतर मी जरा रेंगाळते. त्याच्या वहीतलं माझं उत्तर आता खरं झालंय, एवढंच त्याला सांगायचं आहे.