पालथा पेला

घासलेले पेले ओट्यावर पालथे घातले, की मला पाटणजवळचं ते शेतातलं घर आठवतं. आम्ही काही ऑटिस्टिक मोठ्या माणसांनी तिथं आमचं आम्हीच दोन दिवसांचं शिबिर भरवलं होतं. नियम एकच: ज्याला बोलायचं नसेल त्यानं आपला पेला समोर पालथा ठेवायचा. घरमालकीण मावशींना हे काही पटेना. चुलीच्या धुरात डोळे पुसत, गरम नाचणीची भाकरी वाढताना त्या मला विचारायच्या, "रुसलीस व्हय गं?" मी म्हणायचे, "नाही मावशी, नुसतं गप्प बसायचंय." "लय नवल हाय बाई तुमचं!" निघायच्या दिवशी सकाळी मात्र त्या आमच्यात येऊन बसल्या आणि स्वतःचा पेला पालथा घातला. अंगणातून त्यांचे मालक ओरडले, "आगं, च्या टाक की!" मावशी हलल्या नाहीत. मीच म्हणाले, "काका, त्यांचा पेला पालथा आहे." काकांनी पेल्याकडं बघितलं आणि ते मुकाट्यानं चुलीकडं गेले. त्यांनी केलेला अगोड चहा आला, तेव्हा कुठं मावशींनी पेला सरळ केला. आता घरी जेवताना कधीतरी मीही पेला पालथा ठेवते. कुणीतरी मायेनं तो सरळ करतं, पाणी ओततं आणि विचारतं, "गप्प का गं आज?"